कॉलेजची फेअरवेल, दारू आणि मंडळाची जबाबदारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं विद्यार्थी मंडळ शेवटच्या वर्षाची फेअरवेल गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका रिसॉर्टवर घेणार आहे. सव्वाशे-दीडशे मुलंमुली येतील. मंडळ दारू ठेवणार नाही, पण काही जण पिऊन येतील किंवा बॅगेतून आणतील, हे सगळ्यांना माहीत आहे. उद्या काही झालं तर सचिव आणि खजिनदार म्हणून आम्ही कुठवर अडकतो, आणि ते होऊ नये म्हणून नेमकं काय करायचं?

आधी कायदा, कारण तिथे चर्चेला जागा नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी वय २१ पूर्ण लागतं, व्हिस्की, रम, व्होडका आणि देशीसाठी २५. शिवाय पिणाऱ्याकडे परवाना हवा. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला मुलं २१-२२ वर्षांची असतात, म्हणजे तुमच्या फेअरवेलला व्होडका कायद्याने पिऊ शकेल असा विद्यार्थी जवळजवळ नाहीच. ज्युनियर बोलावले असतील तर बिअरसुद्धा बाद. त्याहून गंभीर गोष्ट १८ खालच्यांची. एकाच आवारात डिप्लोमा किंवा अकरावी-बारावी असेल, तर तिथली मुलं सोळा-सतरा वर्षांची असतात आणि व्हॉलंटियर म्हणून, डान्स ग्रुपमधून, कुणाचा धाकटा भाऊ म्हणून ती कार्यक्रमाला येतात. १८ वर्षांखालच्या मुलाला दारू दिली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तिथे ‘त्याने स्वतःच मागितली’ हे उत्तर चालत नाही.

काही मंडळं विचारतात की राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा कार्यक्रमाचा परवाना काढला तर? तो परवाना जागेला आणि आयोजकाला मिळतो. पिणाऱ्याचं वय त्याने बदलत नाही. म्हणून विद्यार्थी मंडळाच्या नावाने होणारा कार्यक्रम पूर्ण कोरडाच ठेवायचा, हे माझं स्पष्ट मत आहे.

पण पत्रिकेवर ‘मद्यपानास सक्त मनाई’ छापलं म्हणजे जबाबदारी संपली असं समजू नका. कोरड्या कार्यक्रमातही अपघात होतात, आणि ते बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या आधीच्या दोन तासांत किंवा नंतरच्या रात्रीत होतात. गेटवर हाकललेला मुलगा, पार्किंगमध्ये रिचवलेली क्वार्टर, परतीची ट्रिपल सीट, रूमवर ‘झोपू दे त्याला’ म्हणून एकटा सोडलेला मित्र, या जागांसाठी तयारी लागते.

सुरुवात पैशापासून करा. मंडळाच्या वर्गणीतला एक रुपयाही दारूकडे जाता कामा नये, हे सगळ्यांना मान्य असतं. घोळ होतो तो ‘साइड वर्गणी’त. चार-पाच जण वेगळे तीनशे-तीनशे रुपये काढतात आणि सोय म्हणून खजिनदाराच्याच क्यूआर कोडवर टाकतात. खजिनदार ते पुढे दुकानात देतो. आता त्याच्या खात्यावर दारूसाठी लोकांकडून पैसे गोळा केल्याची, तारीख-वेळेसकट, नोंद आहे. त्यातला एखादा मुलगा दवाखान्यात गेला तर विनापरवाना दारू पुरवल्याच्या आरोपाला तोंड या खजिनदाराला द्यावं लागतं, पिणाऱ्यांना नाही. म्हणून फेअरवेलची वर्गणी एकाच खात्यावर घ्या, रक्कम सगळ्यांना सारखी ठेवा आणि जास्तीचे पैसे आले तर त्याच दिवशी परत करा. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सोय होईल’, ‘बघू आपण’ असे मोघम मेसेज पदाधिकाऱ्यांनी टाकू नयेत. चौकशीत पहिल्यांदा तेच वाचले जातात.

जागा बुक करताना मालकाला एक प्रश्न थेट विचारा: इथे मद्याचा परवाना आहे का? नसेल आणि तो म्हणाला की ‘तुमची तुम्ही आणा, आम्हाला चालतं’, तर ती जागा सोडा. परवाना नसलेल्या फार्महाऊसवर जमून पिणं हे दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा अड्डा चालवण्याच्या आणि तिथे हजर असण्याच्या गुन्ह्यांत बसू शकतं, आणि पोलिस आले तर न प्यालेले शंभर जणही त्या गर्दीत उभे असतात. परवान्याचा बार असेल तर त्या दिवशी बार तुमच्या गटासाठी बंद राहील, हे बुकिंगच्या पत्रात लिहून घ्या. जलतरण तलाव असेल तर त्या दिवशी तो रिकामा किंवा कुलूपबंद. नाशिकच्या रिसॉर्टवर तलाव हमखास असतो आणि अंधार पडल्यावर त्यात उतरायची हौसही हमखास येते.

वेळ संध्याकाळची नको, दुपारची घ्या. तीन ते सात. रात्री आठला सुरू होऊन बाराला संपणाऱ्या कार्यक्रमाला मुलं आधी कुठेतरी ‘बसून’ येतात. दुपारी तीनला ते प्रमाण बरंच घटतं. जाणं-येणं मंडळाच्या बसने, कॉलेजच्या गेटपासून कॉलेजच्या गेटपर्यंत. दुचाकी आणायचीच नाही, हा नियम सगळ्यात जास्त विरोध ओढवतो, पण तोच सगळ्यात जास्त जीव वाचवतो. गंगापूर रोड किंवा त्र्यंबक रोडवर रात्रीचं वळण, समोरून येणारा ट्रक आणि हेल्मेट नसलेला मागचा माणूस यांचा हिशोब कुठल्याही घोषवाक्याने सुटत नाही. बसचा खर्च दर माणशी शे-दोनशेने वर्गणी वाढवतो. तेवढं डीजेच्या बजेटमधून कापा.

गेटवर काय करायचं ते आधी ठरलेलं हवं. बॅगा ठेवायला एक टेबल, टोकन, दोन मुलं आणि दोन मुली. बाहेरून आणलेल्या थंड पेयाच्या बाटल्या आत नाहीत. कोल्ड्रिंकच्या बाटलीत व्होडका भरून आणण्याची युक्ती जुनी आहे, म्हणून पाणी आणि पेयं सीलबंद, आयोजकांच्या काउंटरवरच. एकदा बाहेर गेलेला परत आत येणार नाही. हा नियम नसेल तर पार्किंगचाच बार होतो.

आता एक मुलगा गेटवर आला. डोळे लाल, बोलणं ओढलेलं, पाय डगमगताहेत. बहुतेक ठिकाणी सिक्युरिटीवाला त्याला हात धरून बाहेर काढतो आणि व्हॉलंटियर सुटकेचा श्वास टाकतात. हीच सगळ्यात मोठी चूक. तो मुलगा आता किल्ली खिशात घेऊन, अपमानाच्या रागात, अंधाऱ्या रस्त्यावर एकटा आहे. त्याला आत घ्या, पण कार्यक्रमात सोडू नका. किल्ली ताब्यात घ्या, नाव आणि वेळ लिहा, त्याच्या एका शुद्धीवरच्या मित्राला सोबत द्या आणि बाजूच्या खोलीत बसवा. शिक्षेचं नंतर बघता येतं.

ही बाजूची खोली म्हणजे तयारीचा गाभा. मैदानापासून जवळ, खेळती हवा, जमिनीवर सतरंजी, दोन बादल्या, पाणी, टॉवेल, पांघरूण, टॉर्च, ओआरएसची पाकिटं, चार्जर, एक वही आणि घड्याळ. आत दोन जण, शक्यतो एक मुलगा आणि एक मुलगी, ज्यांनी त्या दिवशी थेंबही घेतलेला नाही. माझ्या मते दर पंधरा-वीस पाहुण्यांमागे असा एक पूर्ण शुद्धीवरचा कार्यकर्ता हवा. दीडशेला आठ ते दहा. त्यांची नावं आधी जाहीर करा. ‘आम्ही सगळेच लक्ष ठेवू’ म्हटलं की प्रत्यक्षात कुणाचंच नसतं.

या आठ-दहा जणांना दारूचा हिशोब यायला हवा. ३० मिलीचा एक स्मॉल पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलीची बाटली, यात सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग. ‘बिअरच तर घेतली’ या वाक्याचा अर्थ दोन बाटल्यांनंतर आठ पेग असा होतो. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा पेग. आपल्या गावात वाईनबद्दल एक वेगळाच निवांतपणा आहे, घरचीच वाटते ती. पण १५० मिलीच्या एका ग्लासात सुमारे दीड पेग असतो आणि ७५० मिलीच्या पूर्ण बाटलीत सातांहून जास्त.

गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. ६० किलोच्या मुलाचा एका स्मॉल पेगनंतरचा आकडा ढोबळमानाने २५ च्या आसपास जातो, ५५ किलोच्या मुलीचा ३० च्या वर. म्हणजे एक-सव्वा पेगमध्ये मर्यादा ओलांडली. त्यानंतर शरीर तासाला साधारण १५ मिलीग्रॅम या वेगानेच उतरवतं. कॉफी, लिंबू, गार पाणी, उलटी, धावणं, कशानेही हा वेग वाढत नाही. याच मुलाने दहा ते बारा या वेळात एक क्वार्टर संपवली असेल, तर मध्यरात्री तो १२० च्या आसपास असतो आणि मर्यादेखाली यायला सकाळचे सहा वाजतात. दोन क्वार्टर झाल्या असतील तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत किल्ली देऊ नये. ‘झोप झाली, आता ठीक आहे’ ही भावना खरी असते, पण रक्तातला आकडा तिच्याशी जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

जेवण आधी द्या. उपाशीपोटी दारू झपाट्याने रक्तात जाते. पोळी-भाजी, भात, पावभाजी असं पोटभर काही असलं की चढण्याचा वेग कमी होतो, एकूण मात्रा मात्र तेवढीच राहते. चिवडा-फरसाण म्हणजे जेवण नव्हे.

आता खोलीतला माणूस. झोपलेला आणि बेशुद्ध यातला फरक ओळखता आला पाहिजे. नाव घेऊन मोठ्याने हाक मारा, खांदा हलवा, कानाची पाळी चिमटा. डोळे उघडून काहीतरी पुटपुटला तर तो झोपलेला आहे. प्रतिसाद नसेल तर थांबायचं नाही, १०८ लावायचा. प्रतिसाद असला तरी दर दहा मिनिटांनी पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. छातीवर किंवा पोटावर हलका हात ठेवून, घड्याळाकडे बघत. वहीत वेळ आणि आकडा लिहा: ९.१० – १४, ९.२० – १३, ९.३० – १०. आकडा घसरतोय हे वहीतच दिसतं, नुसतं बघून कळत नाही. मिनिटाला आठच्या खाली, किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांची खीळ, ओठ किंवा नखं निळसर, अंग गार आणि चिकट, झटके, झोपेतच उलटी: यातलं एकही दिसलं तर लगेच १०८.

शेवटचा घोट घेतल्यानंतर अर्धा ते दीड तास रक्तातलं प्रमाण वाढतच असतं. पोटात गेलेली दारू शोषली जायची असते. म्हणून अकरा वाजता बडबड करत आडवा झालेला मुलगा बारा वाजता श्वास विसरू शकतो. ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ या वाक्यात धोका आहे तो इथे.

त्याला कुशीवर ठेवायचं, उताणा कधीच नाही. शेजारी गुडघ्यावर बसा. तुमच्या बाजूचा त्याचा हात काटकोनात बाहेर पसरा. पलीकडचा हात आणून त्याची पालथी मूठ अलीकडच्या गालाखाली धरा. पलीकडचा गुडघा उभा करा आणि त्याच गुडघ्याला धरून त्याला आपल्याकडे वळवा. मान जराशी मागे, तोंड जमिनीकडे कललेलं, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर येईल, श्वासनलिकेत जाणार नाही. उलटी होऊन गुदमरणं हे अशा मृत्यूंचं नेहमीचं कारण आहे. पाठीमागे उशी किंवा बॅग लावा, नाहीतर तो परत उताणा होतो. हे सगळं आदल्या आठवड्यात एकमेकांवर करून बघा, अर्धा तास पुरतो.

काय करायचं नाही, तेही पक्कं असू द्या. बोटं घालून उलटी काढायची नाही. अर्धवट शुद्धीत ताक, लिंबूपाणी, कॉफी पाजायची नाही, ते फुप्फुसात जातं. शॉवरखाली उभं करायचं नाही, दारूने शरीर आधीच गार पडत असतं आणि ओल्या फरशीवर डोकं आपटतं. पडला असेल किंवा गाडीवरून आला असेल तर डोक्याला मार आहे असंच धरून चला. डोक्याची जखम आणि नशा बाहेरून सारखीच दिसतात. मधुमेहाचा मुलगा असेल तर साखर घसरण्याचा धोका मोठा, तो शुद्धीवर असेल तरच गोड द्या आणि दवाखान्यात न्या. झोपेची किंवा चिंतेची गोळी घेतली होती का, हेही मित्रांना खोदून विचारा.

स्वस्तात कुठून आणलेली, सील नसलेली बाटली असेल तर वेगळा प्रश्न. त्यात मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, असू शकतं आणि ते लगेच कळत नाही. बारा-चोवीस तासांनी नजर धूसर होणं, पोटात कळा, धाप, अशी सुरुवात होते. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत अशाच दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. एकाला लक्षणं दिसली तर त्या बाटलीतून घेतलेल्या प्रत्येकाला, बरं वाटत असलं तरी, दवाखान्यात न्यायचं आणि बाटली सोबत घ्यायची.

१०८ ला पत्ता सांगणं धरणाकडच्या रस्त्यांवर सोपं नाही. द्राक्षबागांमधून जाणारे आतले रस्ते रात्री एकसारखे दिसतात. मुख्य रस्त्यावरचा फाटा, तिथलं ठळक दुकान किंवा कमान, फाट्यापासूनचं अंतर हे कागदावर लिहून खोलीच्या भिंतीवर चिकटवा. फोन लागला की एक जण टॉर्च घेऊन फाट्यावर उभा राहतो. आधी एकदा गाडीने त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जाऊन वेळ मोजून ठेवा. एक चारचाकी, न पिणाऱ्या चालकासह, कायम रिकामी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलं १०८ का लावत नाहीत? घरी कळेल, कॉलेज काढून टाकेल, पोलिस केस होईल, ही भीती. ती भीती काढल्याशिवाय वरची सगळी तयारी वाया जाते. म्हणून कार्यक्रमाआधी प्राचार्य आणि विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या, की ज्याने मदत मागितली आणि ज्याच्यासाठी मागितली, त्या दोघांवर केवळ प्यायल्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. मारहाण, रॅगिंग, लैंगिक त्रास, अल्पवयीनांना दारू देणं, पिऊन गाडी चालवणं याला ही सवलत लागू नाही, हेही त्यात लिहा. हे पत्र पोलिसांवर बंधनकारक नसतं, कॉलेजवर असतं, आणि मुलांची भीती मुख्यतः कॉलेजचीच असते. रुग्णालय पोलिसांना कळवू शकतं, पण ती नोंद म्हणजे मुलावर लगेच गुन्हा नव्हे. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षणच आहे. डॉक्टरांना खरं सांगा: काय, किती, किती वाजता. लपवलं तर उपचार चुकतात.

ग्रुपवर टाकायचा मेसेज असा ठेवा: “उद्याचा कार्यक्रम पूर्ण कोरडा आहे. दुचाकी आणू नका, बस २ वाजता गेटवरून. कुणाची तब्येत बिघडली तर थेट खालच्या दोन नंबरांवर फोन करा. फोन करणाऱ्यावर आणि आजारी असलेल्यावर कारवाई होणार नाही, प्राचार्यांचं पत्र सोबत जोडलं आहे. व्हिडिओ काढणाऱ्यावर मात्र होईल.” शेवटची ओळ मुद्दाम आहे. मोबाईल रोखलेले दहा जण भोवती उभे असले की मदत करणारा मागे सरतो.

ज्युनियरला ‘इंट्रो’ म्हणून ग्लास धरायला लावणं हे रॅगिंग आहे, तो हसत प्यायला तरी. १९९९ च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तक्रार दाबणाऱ्या संस्थाप्रमुखालाही जबाबदार धरलं जातं. तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक १८००-१८०-५५२२. तसंच नशेत काय होतंय हे कळत नसताना दिलेला होकार कायद्याने होकार नसतो. तोल गेलेल्या मुलीला कुणी एकटं ‘रूमवर सोडतो’ म्हणून नेत असेल, तर कार्यकर्त्याने मध्ये पडून तिच्या मैत्रिणीला सोबत द्यायचं, मग तो मुलगा कितीही ओळखीचा असो. मुलांच्या बाबतीतही हेच. तक्रार आली तर मंडळाने आपसात मिटवायची नाही, लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे द्यायची.

नाशिकची म्हणून आणखी दोन ठिकाणं. पावसाळ्यात पहिने, दुगारवाडीचे धबधबे, आणि एरवी धरणाचं बॅकवॉटर: प्यायलेल्या माणसाने पाण्यात उतरायचं नाही, काठावर घोट्याएवढ्या पाण्यातही नाही. तोल, अंदाज आणि श्वास रोखणं, दारू हे सगळंच बिघडवते. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांनाही हेच लागू. ट्रेकच्या दिवशी बसमध्येच बघून घ्या. जो प्यायलेला आहे तो एका शुद्धीवरच्या माणसासोबत बसमध्येच थांबेल. दुसरं, वायनरीची इंडस्ट्रियल व्हिजिट. २१ पूर्ण नसलेल्यांची यादी आधीच वायनरीला द्या. चव घेताना ३० मिलीचे पाच नमुने म्हणजे १५० मिली, दीड पेग. चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका, व्यवसायातले लोक तसंच करतात. परतीला गाडी चालवणाऱ्याने एकही नमुना घ्यायचा नाही.

कार्यक्रम संपल्यावर बसमध्ये डोकी मोजा आणि नोंदवहीशी जुळवा. खोलीत असलेल्या प्रत्येकाला होस्टेलवर किंवा घरी कुणाच्या ताब्यात दिलं, त्याचं नाव लिहा. रूमवर तो एकटा असेल तर सकाळपर्यंत कुणीतरी थांबायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्याशी एकच माणूस बोलेल, खाजगीत, ग्रुपवर नाही. तोच मुलगा वर्षात दुसऱ्यांदा खोलीत आला असेल तर हा प्रश्न आता पार्टीचा राहिलेला नाही. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन आहे, तो क्रमांक त्याच्या हातात द्या आणि पहिला फोन लावताना शेजारी बसा. वही, प्राचार्यांचं पत्र, बुकिंगचं पत्र आणि रस्त्याचा कागद हे सगळं एका फाइलमध्ये घालून नव्या कार्यकारिणीच्या सचिवाकडे सही घेऊन सोपवा, म्हणजे पुढच्या वर्षी दुचाकीच्या नियमावर पुन्हा पहिल्यापासून भांडायला नको.